एक, दोन, उचल

हे पहिल्यांदा बोटीवर गेले तेव्हा बिल आलं
चार हजार दोनशे साठ.
बोललो काय होतो?
गॅस संपलाय. केतकीला ताप होता, उतरला.
आणि "काय म्हणतेस?" "काही नाही, तुम्ही?"
याचेच निम्मे.

वरच्या मजल्यावरच्या ब्रागांझाबाईंचे मिस्टर
बावीस वर्षं बोटीवर. त्या म्हणाल्या,
"उचलतेस कशाला? वाजू दे नुसता.
वाजायचे पैसे पडत नाहीत, बाय."
म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर,
दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलं:
एक वाजली, पोचलो.
दोन वाजल्या, पगार टाकला.
तीन वाजल्या तर उचल,
मग जे असेल ते असेल.

माझगावात तेव्हा गोदीचा भोंगा व्हायचा,
खाली पत्र्याच्या गाळ्यात ठाकठूक,
शेजारी कुणाचा तरी कुकर.
मी या सगळ्यातून एक आवाज वेगळा काढायला शिकले,
जशी भरल्या बाजारात आपल्या पोराची हाक कळते.
फुजैरा, एक.
बुसान, एक. चार दिवसांनी दोन.
सांतोसहून काहीच नाही. नऊ दिवस
फोन चार्जिंगला लावून त्याच्याशेजारी निजले,
आणि दहाव्या दिवशी भर दुपारी एक वाजली
तेव्हा कणकेच्या हातांनी तशीच
जमिनीवर बसले.

केतकी आकडे शिकली ती त्या फोनवर.
बालवाडीच्या बाईंनी पुढ्यात मणी ठेवले तर म्हणाली,
एक, दोन, उचल.
बाईंनी मला बोलावून घेतलं.
कसं सांगणार होते त्यांना,
की आमच्या घरात तीन कुणी मोजत नाही.

आणि मग एकदा तीन वाजल्या.
रात्रीचे पावणेदोन. फोन हातातून निसटला, झेलला,
"हॅलो" घशातच राहिलं.
पलीकडे वारा, खाली कुठेतरी इंजिन,
आणि हे: "काही नाही गं. सहज."

सहज!
मिनिटाला ब्याण्णव रुपये, आणि सहज!
मी ओरडायला लागले. तेवढ्यात केतकीच्या
शाळेच्या बुटांचा एक पाय आला असता, म्हटलं.
दोन दिवसांची मासळी आली असती.
इथे माझं काळीज बंद पडलं असतं
तर त्याचं बिल कुणी भरलं असतं?
हे ऐकत होते. मध्ये एकदा हसले असतील,
नाहीतर वारा असेल.
अठ्ठावन्नाव्या सेकंदाला यांनीच कापला.
हिशेबाचा माणूस.

दोन मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. एकदाच.
पोचलं.

आता केतकी ग्रोनिंगेनला निघाली.
विमानतळावर मलाच समजावते:
रोमिंग बंद ठेवणार, वायफाय मिळालं की
तोंड बघत तासभर बोलू, फुकट.
फुकटात काय बोलायचं असतं
ते मला अजून नीट येत नाही.
हे तिच्या बॅगेचा पट्टा सोडेनात.
"आणि वायफाय नाही लागलं तर?"
तिने एक बोट वर केलं
आणि काचेच्या दारातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी बोंबील साफ करत होते,
हे पेपरमागे, त्याच पानावर तासभर.
वाजला.
थांबला.
दोघंही हललो नाही.
गॅसवर भाताची दुसरी शिट्टी झाली,
तीही उगाच मोजली.

"पोचली," हे म्हणाले.
मग चष्मा शोधला, तिचा नंबर लावला,
एक रिंग जाऊ दिली
आणि अंगठ्याने घाईघाईत कापला,
पैसे पडायच्या आत.